परतीचा प्रवास धरत नाहीत

आमच्या लग्नाच्या काळात कोल्हापुरात मुलाच्या माहितीच्या कागदावर 'फिरतीची नोकरी' असं लिहिलेलं असलं, की मुलीकडची माणसं तो कागद खाली ठेवून आधी पाणी प्यायची. शिक्षण ठीक, घर स्वतःचं, शेती थोडकी पण आहे, आणि मग हे फिरतीचं. कसबा बावड्याच्या एका स्थळाकडच्या मामांनी मला सरळ विचारलं होतं, "म्हंजे घरी कवा असता?" मी म्हणालो, "रविवारी असतोच." मामा म्हणाले, "रविवारी तर कलेक्टरबी घरी असतोय." ते स्थळ तिथंच मिटलं. पुढं जिच्याशी लग्न झालं तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांनी फिरतीबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "पोट कसं हाय?" तेव्हा मला हसू आलं होतं. लॉजखालच्या खाणावळीत रात्री दहानंतर उरलेला रस्सा खाऊन सकाळी घाट उतरायला लागल्यावर कळलं, की या नोकरीबद्दल जावयाला विचारण्यासारखा प्रश्न तो एवढाच होता.

आता काळ पालटलाय. नोकरीच्या जाहिरातीत 'प्रवासाची तयारी हवी' असं असलं की पोरं खूश होतात. माझी पुतणी मेकॅनिकल शिकली आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला तिला नोकरी आली. ग्राहकांच्या कारखान्यांत वरचेवर जावं लागेल, असं पत्रातच लिहिलेलं. चाकण, तमिळनाडूतलं होसूर, उत्तराखंडातलं पंतनगर अशी नावं. तिला वाटलं, फुकटात भारतदर्शन. थोरल्या दादाला वाटलं, पोरगी एकटी कुठं कुठं राहणार. दोघंही एका संध्याकाळी माझ्याकडं आले, कारण आमच्या घरात फिरतीत जन्म काढलेला मी एकटाच.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. एमआर. आता निवृत्त आहे. हेडक्वार्टर कोल्हापूर. या धंद्यात माणसाच्या दिवसाला तीनच रंग असतात. गावातल्या गावात काम केलं तर हेडक्वार्टर. सकाळी जाऊन रात्री घरी आलं तर एक्स-स्टेशन: इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल, निपाणी. मुक्काम पडला तर आउटस्टेशन: गडहिंग्लज, आजरा, चंदगड ही एक फेरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही दुसरी, आंबा घाट उतरून रत्नागिरीकडची तिसरी. तिन्हींचा भत्ता वेगळा. महिना सुरू व्हायच्या आधी टूर प्रोग्रॅम भरून द्यायचा आणि मग त्याप्रमाणं वागायचं. पाहुण्यांच्यात लग्न निघालं की मी आधी मुहूर्ताची तारीख टूर प्रोग्रॅमवर ठेवून बघायचो. मुक्कामाचा भत्ता जास्त, म्हणून कागदावर मुक्काम दाखवून रात्री मोटरसायकलनं घर गाठणारे होते. भत्त्यात लॉज परवडत नाही म्हणून तसं करणारे त्याहून जास्त होते. कोण ते सांगत नाही. त्यातले काही आता मॅनेजर आहेत.

पुतणीनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, तुम्ही एवढं फिरला, सगळ्यात भारी जागा कुठली?"

काय सांगणार? गगनबावड्याला रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीला आणि दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं उतरतो. तिथं पावसाळ्यात धुकं असं येतं की लोक मुंबईहून ते बघायला गाड्या काढून येतात. मी तिथनं असंख्य वेळा गेलो आणि मला त्या जागेबद्दल काय आठवतं, तर धुकं दाट असलं की कणकवलीची सकाळची ओपीडी चुकते. फिरती म्हटलं की लोकांना खिडकी दिसते, पळणारी झाडं दिसतात. माझ्या नोकरीचा हिशेब मांडला तर रस्ता त्यात थोडाच निघेल. बाकी सगळी नोकरी बाकावर गेली.

दवाखान्याच्या दारावर पाटी असते: एमआर भेट मंगळवार व शुक्रवार, दुपारी २ नंतर. दोन म्हणजे पेशंट संपल्यावर. पेशंट चार वाजता संपतात. तोवर बाहेर बसायचं. बसायचंही नियमानं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण पेशंट उभा असेल तर एमआरनं बाकावर टेकायचं नाही. बॅग पायाशी, ती आडवी ठेवायची नाही, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकतो. कंपाउंडरशी जास्त हसायचं नाही आणि त्याच्याकडं दुर्लक्षही करायचं नाही. शेजारी बसलेली बाई विचारते, "तुमचा कितवा नंबर?" तिला सांगायचं, "मला काही झालेलं नाही, मावशी." ती संशयानं बघते. टाय बांधून दवाखान्यात बसलेल्या माणसाला काहीतरी झालेलंच असणार.

मग आत जाऊन दोन मिनिटं. डॉक्टर डोळे चोळत असतात, आपण चित्रांची पानं उलटत औषधाचं नाव त्यांच्या कानात राहील असं तीनदा घ्यायचं, सॅम्पल ठेवायचं, नमस्कार. त्या दोन मिनिटांसाठी कोल्हापूरपासून चंदगड. कंपनीच्या रिपोर्टमध्ये ती दोन मिनिटंच जायची. किती डॉक्टर भेटले, किती केमिस्ट केले. बाकावरच्या तासांना रकानाच नव्हता.

आणि मी जे काही शिकलो ते सगळं त्या रकाना नसलेल्या वेळात. इचलकरंजीत यंत्रमागावरच्या कामगाराचा खोकला आणि विडीचा खोकला वेगळा ऐकू येतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, बाकानं सांगितलं. सिंधुदुर्गात भातलावणी झाली की ताप घेऊन येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातनं होणाऱ्या तापाची, धास्ती असते. २०१६ मध्ये दोडामार्गाकडं माकडतापाची साथ आली. तेव्हा बाकावरची माणसं आजाराबद्दल कमी आणि रानात मेलेल्या माकडांबद्दल जास्त बोलत होती. काजूच्या हंगामात रानात गेल्याशिवाय भागत नाही, आणि हा ताप पसरवणारी गोचीड रानातच. घरात बसा म्हणणारा सल्ला तिथं कुणाच्या उपयोगाचा नव्हता. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, त्या दिवसांत केमिस्टच्या काउंटरवर रोज कुठल्या खोक्याचा ढीग कमी होतोय हे बघितलं तरी साथ कुठल्या गल्लीत सरकली ते कळत होतं. वर्तमानपत्र थोडं मागून यायचं.

बाकाची दुसरी देणगी म्हणजे शत्रू. शेजारी बसलेला तेच औषध वेगळ्या नावानं विकणारा असायचा. तो आधी आत गेला की माझ्या ब्रँडच्या मुळावर उठणार, आणि बाहेर आला की माझ्याच गाडीवर मागं बसून आजऱ्याला येणार. कणकवलीत लॉजची खोली दोघांत घेतली की भत्त्यात दोन पैसे सुटायचे. एकमेकांचं टार्गेट, एकमेकांच्या मॅनेजरचे स्वभाव, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, सगळं माहीत. आमच्यातल्या एकाला चंदगडात असताना वडिलांबद्दल वाईट निरोप आला, तेव्हा त्याची राहिलेली फेरी दुसऱ्या कंपनीच्या तिघांनी वाटून पुरी केली. डॉक्टरांना सांगितलं, तो येऊन गेला असं समजा. हे कुठल्याही कंपनीच्या धोरणात बसत नाही.

सरकारनं १९७६ साली आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे विक्री संवर्धन करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी, वेगळा कायदा केला. नेमणूकपत्र द्यायलाच हवं, कामावर काढलेल्या काळाच्या किमान अकराव्या हिश्श्याइतकी भरपगारी रजा, आजारपणात नोकरीच्या काळाच्या अठराव्या हिश्श्याइतकी अर्ध्या पगारी रजा. चांगला कायदा होता. आता नव्या श्रम संहितांत तो विरघळलाय. पण 'कामावर काढलेला काळ' कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो? सावंतवाडीतला शेवटचा डॉक्टर रात्री नऊला भेटला. नऊ वाजून दोन मिनिटांनी माझं काम संपलं. मग आंबोली चढून, आजरा, उत्तूर करत घरी पोचेपर्यंतचा वेळ कुणाचा? तो माझा खासगी प्रवास. जणू मी हौसेनंच रात्री घाटात गेलो होतो.

हे सासऱ्यांनी मला फार आधी सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीनं. त्यांच्याकडं बरीच वर्षं वस्तीची गाडी होती. कोल्हापुरातनं संध्याकाळी सुटायची, राधानगरीच्या बाजूला एका आतल्या गावात रात्री पोचायची, तिथंच मुक्काम, आणि पहाटे कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी, बाजाराच्या पाट्या घेऊन परत. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात झोपायचे. पावसात गाडीचं टप गळायचं, मग शाळेचा व्हरांडा. "रस्त्याला पगार हाय पावणं," ते म्हणायचे, "वस्तीला नुसता भत्ता." पण त्यांना विचारा त्या गावाबद्दल. कुठल्या घरातनं कुठल्या वारी भाकरी यायची, कुणाचा पोरगा मुंबईला गेला तो कुठल्या गाडीनं गेला, कुणाची लेक माहेरी आली ती उतरताना रडत होती का. गावातल्या कित्येकांना आपल्या गावाबद्दल एवढं ठाऊक नसेल. त्यांनी ते गाव उजेडात फार थोडं बघितलं होतं.

म्हणून मला फिरतीच्या नोकरीत 'नवी नवी गावं बघायला मिळतात' या बोलण्याचा कंटाळा आहे. नवं गाव पहिल्याच खेपेला असतं. पुढच्या सगळ्या खेपा जुन्याच गावाच्या. ज्याला एकच ठिकाण पन्नासदा बघायचा उबग येत नाही त्यानं यात पडावं. नुसत्या हौशी प्रवाशाचा इथं निभाव लागत नाही, हे मी कितीतरी हौशी पोरांकडं बघून सांगतोय; चांगली इंग्रजी बोलणारी, उमदी, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात राजीनामा दिलेली.

पावसाळ्यावरनं आठवलं. जुलै आला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर 'काय चाललंय' म्हणत नाही, 'पाणी किती फूट?' म्हणतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. गावातल्याला हा आकडा म्हणजे काळजी. आम्हाला तो टूर प्रोग्रॅम. पाणी वाढत चाललं की मनात एकेक रस्ता बंद करत जायचं: बालिंग्याकडं गेलं की गगनबावडा रस्ता गेला, केर्लीपाशी आलं की रत्नागिरी गेली, आणि शिरोलीला महामार्गावर आलं की कोल्हापूर बेटच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. दुधाचे टँकर मुंबईला जाईनात, महामार्गावर ट्रकांच्या रांगा कुठंवर आहेत ते टीव्हीवर दाखवत होते. मी खाली कोकणात अडकलो होतो. लॉजच्या मालकानं भाडं घेतलं नाही आणि वर रोज विचारायचा, "पाणी उतरला?" घरी बायको शेजारच्या दोन घरांतली माणसं आणून सगळ्यांचं रांधत होती. फोनवर मी विचारलं, काही पाठवू का? ती म्हणाली, "कशातनं पाठवणार, विमानातनं?"

त्या पुरात आमच्या गल्लीनं काय काय केलं ते मला नंतर ऐकून माहीत झालं. कोल्हापूरचं असंच बरंचसं मला ऐकून माहीत आहे. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. बाहेरगावचे डॉक्टर मला विचारायचे, तुम्ही तर दरवर्षी बघत असाल. मावळतीला मी कुठल्यातरी तालुक्याच्या गावात संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायची वाट बघत असायचो. जोतिबाची चैत्र यात्रा माझ्या लेखी रस्ता कुठल्या दिवशी टाळायचा याची नोंद. हे वाईट वाटून सांगत नाही. निवृत्तीनंतर गेलो की किरणोत्सवाला. गर्दीत मान उंच करून बघितलं, ढग आले, किरणं वरपर्यंत पोचली नाहीत. देवीनंही टूर प्रोग्रॅम बदलला असेल.

घराचं मात्र जरा बोलायला हवं, कारण पुतणीला ते कुणी सांगणार नाही. फिरतीवरचा माणूस नसतो तेव्हा घर अडून बसत नाही. ते त्याच्याशिवाय नीट बसवलं जातं. गॅसचा नंबर, शाळेतली मीटिंग, गळका नळ, सगळ्याला माणसं ठरतात, आणि त्या ठरलेल्यात आपण नसतो. एका शनिवारी रात्री मी दिवाणखान्यातला दिवा लावायला गेलो तर पंखा फिरला. वायरमननं बोर्ड बदलला होता. मुलगा झोपेत म्हणाला, "वरचं बटन, बाबा." बायको एकदा स्पष्टच म्हणाली, "अहो, तुम्ही सलग चार दिवस घरात असला की माझा भाजीचा अंदाज चुकतो." चिडून म्हणाली नाही, हिशेब सांगितल्यासारखं म्हणाली. तिच्या आईनं वस्तीच्या गाडीवरच्या माणसाशी संसार केलेला, त्यामुळं तिला हे बसवणं आयतं येत होतं. दुसऱ्या कुणा घरात कदाचित एवढं सुरळीत झालं नसतं. आमच्यातल्या काहींच्या घरी झालं नाही.

शेवटच्या वर्षांत कंपनीनं फोनमध्ये ॲप दिलं. दवाखान्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय भेटीची नोंदच होत नाही. कोरोनात तर डॉक्टर स्क्रीनवर भेटायला लागले, आम्ही घरात शर्ट घालून आणि खाली लेंगा. मला वाटलं होतं की यंत्र आल्यावर तरी बाकावरचे तास मोजले जातील. यंत्राला तर सगळंच दिसतं. पण ते फक्त पोचल्याची खूण करतं. आपण हललो नाही तर उलट विचारतं, इतका वेळ एकाच जागी का?

तर पुतणीची नोकरी. तिला मी विचारलं, ग्राहकाकडं जाऊन नेमकं करायचं काय? ती म्हणाली, रिजेक्शन बघायचं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतनं कास्टिंग जातं, तिकडच्या लाइनवर मशीनिंग करताना एखाद्यात ब्लोहोल, म्हणजे आत हवेचं भोक, निघतो, कुठं वाळू धरलेली असते. मग ते फोन करतात, तुमचा माणूस पाठवा. माणूस जातो, शेडमध्ये उभं राहून शेकड्यानं पीस तपासतो, चांगल्यावर रंगाचा ठिपका देतो, वाईट बाजूला काढतो, लाइन थांबली तर शिव्या खातो. मी म्हणालो, गेट पास मिळेपर्यंत कुठं बसायचं? ती हसली. म्हणाली, कॉलेजमधनं गेलो होतो तेव्हा सिक्युरिटीच्या केबिनबाहेर बाक होता.

बाईमाणसाच्या फिरतीत मला अनुभव नाही, म्हणून मी त्यातलं शहाणपण सांगितलं नाही. एवढंच दिसलेलं सांगितलं, की माझ्या वेळच्या मोजक्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नसत. एसटी स्टँडवरचं आणि तालुक्याच्या दवाखान्यातलं बायकांचं स्वच्छतागृह हा त्यांच्या टूर प्रोग्रॅमचा खरा आधार असायचा, आणि तो कुठल्याच मॅनेजरला माहीत नसायचा. एकट्या बाईला खोली न देणारे लॉज होते. दादा लगेच म्हणाला, "बघ, म्हणून मी सांगतोय." पुतणी म्हणाली, "पप्पा, लॉज कंपनी बुक करते. आणि अडचण असली तर ती लॉजची अडचण." दादा गप्प बसला. मला तिचं पटलं, पण थोरल्या भावासमोर पटल्याचं दाखवलं नाही.

कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन. १८९१ साली मिरजेहून गाडी इथवर आली आणि इथंच थांबली. वैभववाडीवरनं कोकणात उतरवायचा मार्ग अजून कागदावर आहे. त्यामुळं कुठंही जायचं तर आधी मिरज. पण परत येताना एक सोय आहे: कितीही गाढ झोप लागली तरी गाडी आपल्याला पुढं घेऊन जात नाही. हे मी तिला सांगितलं आणि दुसरं हे, की होकार कळवायच्या आधी त्यांना 'महिन्यात किती दिवस प्रवास' असं विचारू नकोस, ते काहीतरी गोड आकडा सांगतील. विचार, की रात्रभर प्रवास करून सकाळी कोल्हापुरात उतरले तर त्या दिवशी कामावर यायचं का, आणि तो प्रवास कामात धरता का.

तिनं विचारलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "तसा काही रूल नाहीये, डिपेंड्स." तिनं नोकरी घेतली.

दिवाळीनंतर ती पंतनगरला पहिल्यांदा एकटी गेली. आली ती काळवंडलेली, आणि कास्टिंगबद्दल इतकं बोलत होती की दादा उठून रंकाळ्यावर फिरायला गेला. पण महिनाअखेरीचा तासांचा तक्ता भरताना तिनं दिल्लीहून कोल्हापूरपर्यंतचे गाडीतले सगळे तास कामात लिहिले. अकाउंट्सनं लाल खूण करून तक्ता परत पाठवला. तिनं एकही आकडा न बदलता पुन्हा दिला, सोबत एक ओळ: या वेळात मी स्वतःच्या इच्छेने पंतनगरहून परत येत नव्हते. तो पुन्हा परत आला. दादा म्हणतो, "नोकरीला लागून वरीस न्हाई झालं आणि भांडाय लागली, तू तरी सांग तिला." मी सांगितलं तिला. तक्त्याची एक प्रत स्वतःकडं ठेव म्हणालो, आणि तिकीट जोडायला विसरू नको.